एव्हबरीच्या हेंजमधली हरवलेली शिळा: जागा नेमकी कशी ठरवतात?

खंदककाठ

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या एव्हबरीतल्या हेंजबद्दल, म्हणजे नवाश्मयुगातल्या बांध-खंदकाच्या गोल स्मारकाबद्दल, जाणकारांना विचारायचं आहे. मातीचा प्रचंड गोल बांध, त्याच्या आतल्या बाजूने खंदक, खंदकाच्या आतल्या काठाने उभ्या शिळांचं मोठं वर्तुळ आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान वर्तुळं, एवढी रचना आराखड्यावरून कळते. बाहेरच्या वर्तुळात मुळात शंभरच्या आसपास शिळा असाव्यात असं सगळे लिहितात. आज मात्र पश्चिमेच्या अर्ध्या भागात शिळांच्या अधूनमधून काँक्रीटचे बुटके खांब दिसतात, आणि पूर्वेकडे, विशेषतः ईशान्येला, जवळजवळ मोकळं गवत.

माझे प्रश्न:

१. काँक्रीटचा खांब आहे तिथे शिळा होतीच, हे कशावरून? की शिळांमधलं अंतर मोजून अंदाजाने खांब रोवले?

२. जिथे शिळाही नाही आणि खांबही नाही, पण पुरातन अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्टकली याच्या अठराव्या शतकातल्या आराखड्यात शिळा दाखवली आहे, तिथे काय समजायचं?

३. आता जमिनीखालचं पाहणारं रडार आहे. ते एकदा फिरवून हा वाद कायमचा का मिटत नाही?

चीपदगड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खांब अंदाजाने लावलेले नाहीत. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केलरने १९३७ ते १९३९ या तीन हंगामांत आधी वायव्य, मग नैर्ऋत्य आणि शेवटी आग्नेय भागात खणलं. (त्याआधी १९३४-३५ मध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्या, दोन्ही बाजूंनी शिळा असलेल्या मार्गावर, म्हणजे वेस्ट केनेट अ‍ॅव्हेन्यूवर काम झालं होतं.) गाडलेली शिळा सापडली तर ती तिच्या मूळ खळग्यात पुन्हा उभी केली, नुसता खळगा किंवा शिळा फोडल्याची खूण सापडली तर तिथे काँक्रीटचा खांब लावला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. ईशान्य भागाला त्याने हात लावलेलाच नाही. म्हणून पूर्वेचं मोकळं गवत पाहून ‘इथे शिळा नव्हत्या’ असं म्हणता येत नाही. बराच भाग खणलेलाच नाही, एवढंच त्यावरून कळतं.

आता मुख्य गोष्ट. ‘हरवलेली शिळा’ म्हणजे एकच प्रकार नव्हे. एव्हबरीत शिळा तीन तऱ्हांनी नाहीशा झाल्या आणि प्रत्येक तऱ्हेची जमिनीतली खूण वेगळी आहे. आपण कोणती खूण शोधतोय हे आधी ठरवलं नाही तर यंत्र कितीही भारी आणा, निकाल वाचता येणार नाही.

आधी मूळ खळगा समजून घ्या. इथल्या शिळा सारसेनच्या. सारसेन हा सिलिकाने घट्ट बांधला गेलेला वालुकाश्म. खालची जमीन चॉकची, म्हणजे मऊ पांढरा चुनखडक. चॉकमध्ये खड्डा खणून शिळा एका बाजूने आत सरकवायची, उभी करायची आणि भोवती चॉकचे तुकडे, माती आणि लहान सारसेन ठोकून बसवायचे. त्यामुळे खळग्याच्या तळाला चॉक वजनाने दबून कडक झालेला असतो, कडेला चिपा असतात, आणि काही खळग्यांत एका अंगाला खुंटांची भोकं मिळतात. शिळेचं टोक खड्ड्याच्या भिंतीला घासून चॉक ढासळू नये म्हणून ते लाकडी खुंट रोवत. शिळेच्या आकाराच्या मानाने बरेच खळगे उथळ आहेत. शेतीखाली गेलेल्या जागेत वरचा थर नांगराने गेला की खळग्याची खूण फार थोडी उरते, हे लक्षात ठेवा.

पहिली तऱ्हा, गाडणं. मध्ययुगात, चौदाव्या शतकाच्या आसपास, शिळेच्या शेजारी लांबट खड्डा खणून ती त्यात आडवी पाडली गेली आणि वरून माती लोटली. इथे दोन खुणा चिकटून मिळतात: मूळ खळगा आणि लगत गाडण्याचा खड्डा, त्यात अख्खी शिळा. काळ कशावरून? १९३८ मध्ये अशाच एका शिळेपाशी एका माणसाचा सांगाडा निघाला. सोबत कात्री, एक टोकदार लोखंडी अवजार आणि १३२० च्या सुमाराची चांदीची नाणी. तो ‘न्हावी-वैद्य’ म्हणून प्रसिद्ध झाला. शिळा अंगावर पडून मेला ही कथा सगळीकडे सांगितली जाते, पण हाडांची नंतर तपासणी झाली तेव्हा चिरडून मेल्याचा पुरावा मिळाला नाही. गाडण्यामागे धार्मिक भीती होती की जमीन मोकळी करायची होती, यावर एकमत नाही. माझ्या मते नुसत्या नांगरटीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही.

दुसरी तऱ्हा, जाळून फोडणं. ही सतराव्या-अठराव्या शतकातली. शिळेखाली खड्डा करायचा, तिला त्यात कलती करायची, गवत-लाकूड पेटवून तापवायची, मग ठरवलेल्या रेषेवर थंड पाणी ओतायचं आणि घण घालायचे. तापलेला भाग फुगलेला असतो. पाणी पडलेली पट्टी एकदम आकसते, ताण त्या रेषेवर येतो आणि तडा जातो. इथे अख्खी शिळा मिळणार नाही. पसरट उथळ खड्डा, जळून रंग पालटलेला चॉक, काळी राख, सारसेनच्या धारदार ढलप्या, क्वचित मातीच्या चिलमीचे तुकडे, हा त्या खड्ड्याचा ऐवज. मोठे तुकडे गावातल्या घरांच्या आणि कुंपणांच्या भिंतींत गेले, ते आजही ओळखू येतात.

तिसरी तऱ्हा म्हणजे शिळा ओढून नेली, किंवा पडलेली होती ती तिथेच फोडून उचलली. मागे फक्त रिकामा खळगा राहतो, वरच्या शेतमातीने भरलेला. शोधायला हा सगळ्यात अवघड.

नकाशापेटी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. स्टकलीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आणि त्याला मोडीतही काढू नका. त्याचं म्हणणं दोन भागांत वेगळं करून वाचायचं.

१७१९ ते १७२४ या काळात तो एव्हबरीत वारंवार येऊन नोंदी करत होता, म्हणजे शिळा फुटत असताना तो तिथे होता. त्याचं पुस्तक मात्र १७४३ मध्ये आलं. मधल्या वीस वर्षांत त्याच्या डोक्यात ड्रुइड (प्राचीन ब्रिटनमधले पुरोहित) आणि नागाकृती देवळाची कल्पना पक्की बसली होती. हेंज म्हणजे नाग ज्यातून जातो ते वर्तुळ, दोन अ‍ॅव्हेन्यू म्हणजे शेपूट आणि मान, आणि आग्नेयेला टेकडीवरचं ‘सँक्चुअरी’ नावाची शिळावर्तुळं म्हणजे फणा. फण्यासाठी गोल चालेना, म्हणून छापील चित्रात सँक्चुअरीची वर्तुळं लंबगोल झाली. तिथल्या शिळा १७२४ च्या सुमारास नष्ट झाल्या. १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन यांनी तीच जागा शोधून खणली तेव्हा खळगे वर्तुळात निघाले. स्टकलीच्या स्वतःच्या मूळ टिपणांतही वर्तुळच होतं.

उलट उदाहरण बेकहॅम्प्टन अ‍ॅव्हेन्यूचं. पश्चिमेकडे जाणारा हा शिळांचा दुसरा मार्ग फक्त स्टकलीनेच सविस्तर नोंदवला आहे. आज त्यातल्या नाव घेण्यासारख्या दोनच शिळा उभ्या आहेत, अ‍ॅडम आणि ईव्ह. (त्यांतला अ‍ॅडम १९११ मध्ये पडला होता, तो पुढच्या वर्षी उभा केला.) अनेक वर्षं अभ्यासक म्हणत होते की हा मार्ग नागाला शेपूट हवी म्हणून रचलेला आहे. १९९९ आणि २००० मध्ये तिथे उत्खनन झालं. खळगे, गाडलेल्या शिळा आणि जाळण्याचे खड्डे निघाले. म्हातारा खरा ठरला.

तेव्हा काम असं करा. छापील आराखडा बाजूला ठेवून त्याची जागेवरची रेखाटनं पाहा. हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांच्याशेजारी स्टकलीच्या आधीचा अभ्यासक जॉन ऑब्री याचा १६६३ चा आराखडा ठेवा. तो ढोबळ आहे, पण साठ वर्षं जुना आणि नाग डोक्यात नसलेला. दोघांनीही एका जागी शिळा दाखवली असेल तर वजन वाढतं. फक्त छापील पुस्तकात आणि शिळांमधलं अंतर संशयास्पद रीतीने सारखं दिसत असेल तर ती भर घातलेली असू शकते.

मोजमापांत आणखी एक अडचण आहे. स्टकली पावलांनी मोजायचा आणि नंतर ते २०.८ इंचांच्या स्वतः ठरवलेल्या ‘ड्रुइड हातात’ बदलायचा. त्यामुळे त्याचे आकडे सरळ मीटरमध्ये बदलून नकाशावर टाकले तर शिळा भलत्याच जागी जाते. आज उभ्या असलेल्या आणि त्याच्या चित्रातही असलेल्या निदान पाच-सहा शिळा पकडा, त्यांवर त्याचा आराखडा ताणून बसवा, आणि त्या ज्ञात शिळा किती चुकतात ते पाहा. त्या आठ मीटरने चुकत असतील तर हरवलेल्या शिळेसाठीही आठ मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरायचं, बिंदू नाही.

खंदककाठ

खूप आभार. मग शिळांमधलं अंतर वापरून रिकाम्या जागा भरता येणार नाहीत का? व्यास साधारण ३३१ मीटर, शिळा ९८ धरल्या तर अंतर साडेदहा मीटर येतं.

चीपदगड

हिशेब बरोबर, वापर चूक. साडेदहा ही सरासरी आहे. वर्तुळ नेमकं गोल नाही, अंतर जागोजागी बदलतं, आणि चार प्रवेशद्वारांपाशी तर शिळांचा आकारही बदलतो. उत्तरेच्या दाराची स्विंडन शिळा साठेक टनांची मानतात आणि ती कधी पडलेलीच नाही. अंतरावरून ‘कुठे बघायचं’ ते ठरवा, ‘काय आहे’ ते ठरवू नका.

ओहममापक

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा आहे, म्हणून सविस्तर.

एकच यंत्र पुरत नाही, कारण वर चीपदगड यांनी सांगितलेल्या तिन्ही खुणांचे भौतिक गुण वेगळे आहेत. अख्खी गाडलेली शिळा वीज जवळजवळ वाहू देत नाही, म्हणून ती रोधकता मापनात (जमिनीत वीज सोडून तिला होणारा अडथळा मोजतात) ठळक दिसते. चुंबकीय मापनात तीच शिळा बहुतेक गप्प असते, कारण सारसेनमध्ये चुंबकीय खनिजं फार कमी. जाळण्याचा खड्डा नेमका उलट: तापलेल्या मातीतली लोहसंयुगं बदलतात आणि तो मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे चुंबकीय मापनाच्या यंत्रावर, ओरडतो. रिकामा खळगा दोन्हींत पुसट.

रोधकतेसाठी दोन चल सळ्या अर्धा मीटर अंतरावर असलेली चौकट वापरतात. दुसरी, स्थिर जोडी चल सळ्यांमधल्या अंतराच्या निदान तीसपट लांब, म्हणजे १५ मीटरच्या पलीकडे रोवायची. जवळ रोवली तर चौकट तिच्याकडे सरकताना आकडे आपोआप चढतात आणि नसलेली शिळा दिसते. २० बाय २० मीटरच्या चौकोनात दर मीटरला एक वाचन घेतलं तर ४०० वाचनं होतात. शिळा शोधायला हे विरळ पडतं. सव्वा मीटर रुंदीची शिळा एखाद्याच वाचनात येते आणि ते वाचन चुकीचं समजून गाळलं जातं. अर्ध्या मीटरवर घ्या, १६०० वाचनं होतील, पण शिळेची कड दिसेल. अर्ध्या मीटरच्या चौकटीला मीटरभर खोलीपर्यंतचंच कळतं. त्याखालचं हवं तर सळ्यांमधलं अंतर मीटरभर करावं लागतं, आणि बारकावा जातो.

हवामानाचा फरक मोठा आहे. जोरदार पावसानंतर लगेच मापू नका, गोठलेल्या जमिनीवर तर नाहीच. चॉक पाणी धरून ठेवतो, वरची माती लवकर सुकते. त्यामुळे मातीने भरलेला खळगा एका ऋतूत भोवतालापेक्षा कमी रोधाचा दिसतो, दुसऱ्या ऋतूत तो फरक नाहीसा होतो. शंका असेल तिथे तीच जागा दोन ऋतूंत मोजायची.

मॅग्नेटोमीटर चालवताना दर ओळीवर पाव मीटरला वाचन, ओळींत अर्धा मीटर. बुटांतली लोखंडी कडी, पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची काडी, सगळं काढून ठेवायचं. एव्हबरीत हेंजच्या मधोमध गाव आणि रस्ता आहे. तारेची कुंपणं आणि जमिनीतले नळ काही मीटरपर्यंतचं सगळं झाकून टाकतात. त्या पट्ट्यात चुंबकीय मापनावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

रडारसाठी ४०० ते ५०० मेगाहर्ट्झचा अँटेना, ओळी अर्ध्या मीटरवर किंवा त्याहून जवळ. चॉकमध्ये लहरीचा वेग नॅनोसेकंदाला ०.१ मीटरच्या आसपास धरला तर २० नॅनोसेकंदांनी परत आलेला प्रतिध्वनी मीटरभर खोलीचा असतो. ओल्या जमिनीत वेग घटतो, म्हणून तो जागेवर तपासल्याशिवाय खोली सांगू नये.

रडारने वाद का मिटत नाही ते ड्युरिंग्टन वॉल्सने दाखवलं. स्टोनहेंजजवळचं हे आणखी एक महाकाय हेंज. २०१५ मध्ये बातमी आली की तिथल्या बांधाखाली नव्वदच्या आसपास शिळा आडव्या गाडलेल्या आहेत, काही साडेचार मीटर लांब. पुढच्या वर्षी दोन जागी खणलं. शिळा नव्हत्या. लाकडी खांबांचे मोठे खड्डे होते. खांब काढून घेऊन खड्डे चॉकच्या तुकड्यांनी भरले होते. रडार खोटं बोललं नाही. त्याने ‘इथे भोवतीपेक्षा वेगळं, कठीण काहीतरी आहे’ एवढंच सांगितलं होतं, ‘शिळा’ हा शब्द माणसांनी घातला. दाबून भरलेला चॉक आणि आडवा सारसेन यांचा प्रतिध्वनी इतका जवळचा असू शकतो.

म्हणून निदान दोन पद्धतींचा मेळ बसावा लागतो. रोध जास्त, चुंबकीय शांत, रडारमध्ये वरून स्पष्ट कड आणि शेजारी मऊ भराव, असं असेल तर गाडलेली शिळा म्हणायला जागा आहे. रोध कमी-जास्त मिसळलेला आणि चुंबकीय खूण तीव्र असेल तर जाळण्याचा खड्डा. चंद्रकोरीसारखी खूण दिसली तर आधी उन्मळून पडलेल्या झाडाचा खड्डा असेल का ते पाहा. या भागात नैसर्गिक सारसेनही मातीत पडलेले असतात, आणि चॉकमध्ये पाण्याने झिजून झालेल्या मातीच्या नळ्या खळग्यासारख्या दिसतात. यंत्र या सगळ्यांना एकाच मापाने मोजतं.

तरीही निराश होऊ नका. एव्हबरीत केलरने न खणलेल्या भागात मापन होऊन निदान पंधरा शिळा जमिनीखाली असल्याचं २००३ मध्ये जाहीर झालं. गाडलेल्या शिळा शोधण्यात रोधकता भरवशाची आहे. तिची परीक्षा रिकाम्या खळग्यापाशी होते.

वाळलेगवत

एक स्वस्त पद्धत राहिली: दुष्काळी उन्हाळा. उथळ मातीखाली दगड किंवा दाबलेला चॉक असेल तर वरचं गवत आधी करपतं. खोल मातीने भरलेल्या खड्ड्यावर ते उशिरापर्यंत हिरवं राहतं. स्टोनहेंजला २०१३ च्या उन्हाळ्यात पाण्याचा पाइप एका बाजूपर्यंत पुरला नाही, तिथलं गवत वाळलं आणि मोठ्या सारसेन वर्तुळातल्या हरवलेल्या शिळांच्या जागांवर करपलेले डाग उमटले. आधी भूभौतिक मापनात (रोधकता, चुंबकीय, रडार अशा यंत्रांनी केलेल्या पाहणीत) त्या दिसल्या नव्हत्या. मात्र करपलेला डाग खाली शिळा आहे की शिळा काढून नेलेला, चॉकने ठासलेला खळगा आहे हे सांगत नाही. स्टोनहेंजला तर शिळा नव्हत्याच, नुसत्या जागा होत्या. आणि डाग काही दिवसच टिकतो. एका चांगल्या पावसात संपला.

नकाशापेटी

ओबेलिस्कचा उल्लेख कोणी केला नाही. दक्षिणेच्या लहान वर्तुळाच्या मध्यावरची ही शिळा स्टकलीने पाहिली तेव्हा आडवी पडलेली होती: लांबी २१ फूट, बुंध्याशी व्यास ८ फूट ९ इंच. पुढे ती फोडली गेली. १९३९ मध्ये केलरला तिचा खळगा मिळाला. तिथला काँक्रीटचा खांब इतरांपेक्षा बराच मोठा आहे. अंदाजे वजन दीडशे टन असावं का?

चीपदगड

दीडशे नाही होत. ६.४ मीटर लांब आणि २.६७ मीटर व्यासाचा पूर्ण दंडगोल धरला तरी ३६ घनमीटर, म्हणजे घनता अडीच धरून ९० टन. ही वरची मर्यादा झाली. व्यास फक्त बुंध्याचा दिला आहे, शिळा निमुळती होती. निम्मं धरा, ४५ टनांच्या आसपास. ती पडलेली मोजली असल्यामुळे जमिनीत असलेला भागही त्या २१ फुटांत आला, वेगळा मिळवू नका. एव्हबरीत शंभर टनांच्या आसपास जाणारी शिळा हवी असेल तर उत्तर वर्तुळातल्या ‘कोव्ह’ नावाच्या शिळांच्या रचनेतल्या एका शिळेकडे पाहा. २००३ मध्ये ती झुकलेली म्हणून पाया तपासला तेव्हा दोन मीटरच्या खाली जाऊनही तळ लागला नाही.

ओबेलिस्कच्या भोवती मात्र खरी गंमत आहे. केलरला तिथे लहान शिळांची एक सरळ रांग मिळाली होती, आणि एका इमारतीच्या खुणा. ती इमारत त्याने मध्ययुगीन गाडीखाना ठरवली. युद्धामुळे पुढचं राहिलं. २०१७ मध्ये लेस्टर आणि साउथहॅम्प्टन विद्यापीठांच्या पथकाने रोधकता आणि रडार दोन्ही फिरवले तेव्हा ती रांग एका चौकोनाची बाजू निघाली, प्रत्येक बाजू सुमारे ३० मीटर. आणि केलरचा गाडीखाना नवाश्मयुगीन घर असावं, त्या घराच्या जागेभोवती हा चौकोन उभारला असावा असं ते मांडतात. वर्तुळांच्या जागी चौकोनाची अपेक्षाच कोणी केली नव्हती, म्हणून ऐंशी वर्षं ती रांग अर्धवट राहिली.

खंदककाठ

शेवटचा प्रश्न. तिथे जाऊन हौशी माणसाने यातलं काय करावं?

ओहममापक

जमिनीत काहीही खुपसू नका, सळईसुद्धा नाही. एव्हबरी संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९७९ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली तिथे परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे, आणि भूभौतिक मापनालाही हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा संस्थेचा परवाना लागतो. ड्रोनसाठी नॅशनल ट्रस्टला आधी विचारा.

घरबसल्या बरंच होतं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याची लेसर उंचीची माहिती मीटरभर बारकाव्याने मोफत मिळते. तिच्यावर वेगवेगळ्या दिशांनी कमी कोनातला प्रकाश टाकून पाहा, एका दिशेने पाहिलं तर त्या दिशेला समांतर खड्डे लपतात. जुने सर्व्हे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत, इंग्लंडचेही. कोरड्या उन्हाळ्यात तिथे असाल तर बांधाच्या माथ्यावरून, सकाळी किंवा संध्याकाळी, डागाचं छायाचित्र घ्या. चौकटीत निदान दोन उभ्या शिळा किंवा काँक्रीटचे खांब यायला हवेत, नाहीतर नंतर जागा बसवता येत नाही. तारीख, वेळ, उभं राहिल्याची जागा आणि दिशा लिहून विल्टशायरच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदवहीकडे पाठवा. ‘इथे शिळा आहे’ असं लिहू नका. ‘इथे अमुक लांबी-रुंदीचा करपलेला डाग आहे’ असं लिहा.